गाडी घोंगावते

चाळीसच्या पुढं गेलं की गाडी घोंगावते, अशी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मला अजूनही सगळ्यात अवघड वाटतं. इंजिन ठोकत असेल तर ठिकाण सापडतं. सायलेन्सरचा पत्रा वाजत असेल तर धरून बघता येतो. पण घोंगावणं एकतर चाकाच्या बेअरिंगचं असतं नाहीतर टायरचं, आणि गाडीत बसलेल्याला दोन्ही एकाच सुरात ऐकू येतं. कोल्हापुरात, उद्यमनगरात माझं सगळं आयुष्य गेलं. या एका आवाजानं मला जेवढं राबवलं तेवढं दुसऱ्या कशानंच नाही.

लोक म्हणतात, मेस्त्री, बेअरिंग काढून बघा, बरं असलं तर परत घाला. तिथंच तर गोम आहे. पुष्कळ मोटारींत पुढच्या चाकाचं बेअरिंग प्रेसनं दाबून बसवलेलं असतं. ते बाहेर काढताना सगळा जोर आतल्या गोळ्यांवरून जातो, गोळ्यांचे व्रण रेसवर, म्हणजे त्या ज्यावरून फिरतात त्या कड्यावर, उमटतात आणि चांगलं बेअरिंगसुद्धा काढताक्षणी भंगारात जातं. उघडून खात्री करायची सोयच नाही. जुन्या जीपचं बरं होतं. टेपर रोलर धुवायचे, उजेडात धरून बघायचे, ग्रीस भरायचं, नट आवळून किंचित मागं सोडायचा. शंका हातानं फेडता यायची. आता आधी नाव सांगायचं आणि मग पान्याला हात लावायचा.

म्हणून कान. आणि तोच आता कमी पडायला लागलाय.

गेल्या पावसाळ्यानंतर एका गाडीची चाचणी घेत होतो. शेजारी माझ्याकडं शिकणारं पोरगं, भुदरगडकडचं, आयटीआय झालेलं. कावळा नाक्याच्या अलीकडं ते म्हणालं, “मेस्त्री, डाव्या चाकातनं चीं करतंय की.” मी काच खाली केली, गाडी भिंतीच्या कडेनं घेतली, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येतो. मला काही नाही. गॅरेजवर येऊन चाक उतरवलं, तर ब्रेक पॅडची सूचक पट्टी डिस्कला टेकली होती आणि डिस्कवर केसाएवढी ताजी चकाकती रेघ. लायनिंग दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती पट्टी घासावी आणि किंचाळावी, एवढ्यासाठीच तिथं बसवलेली असते. ती किंचाळत होती, आणि शेजारी बसलेल्या पोराला ऐकू येत होती.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. खालचे सूर ठीक, आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा. हातोडा, ग्राइंडर, एअर गन यांच्या सततच्या दणक्यानं पहिली झीज तिथंच होते, आणि वयही वरच्या पट्टीचेच सूर आधी नेतं. आमच्या पिढीत कानात बोळे घालून काम करणारा मेस्त्री मी पाहिला नाही. पोराला आता घालायला लावतो, ते कुरकुरतं.

घोंगावणं खालच्या सुरातलं असतं, ते मला नीट ऐकू येतं. मग तक्रार कसली? तक्रार अशी, की बेअरिंग बिघडायला लागतं तेव्हा पहिला आवाज बारीक असतो. ग्रीस सरलं, रेसवर सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला, की वरच्या पट्टीत सरसर सुरू होते. खड्डा रुंदावत गेला की आवाज खाली उतरतो, जाड होतो. शेवटी पोरासोरांनाही ऐकू येईल असा घूंऽऽ होतो. मला आता तो पिकल्यावरच कळतो. पूर्वी मी गिऱ्हाइकाच्या आधी सांगायचो. आता गिऱ्हाईक सांगतं आणि मी मान डोलावतो.

हे मनाला लागण्याचं कारण गर्व आहे. मला माझ्या कानाचा गर्व होता आणि तो मी मिरवला. गाडी दारात आली की पोरांना गप्प करायचो, बॉनेट उघडू द्यायचो नाही. अ‍ॅक्सिलरेटर पहिल्यांदा दाबताच दोष कळलेला असायचा, तरी “अजून एकदा” म्हणायचो, कारण तेवढ्यात शेजारच्या लेथवरची माणसं येऊन उभी राहायची. मग दोन शब्दांत नाव सांगायचं आणि चहाकडं वळायचं. मालकाच्या तोंडावरचा तो भाव मला मजुरीपेक्षा गोड लागायचा. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मी कितीतरी वर्षं गॅरेजात येऊ दिला नाही. मला त्याची गरज आहे असं कुणाला वाटेल म्हणून.

आता तळहातानं ऐकतो. चाक उचलायचं, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा, दुसऱ्यानं चाक सावकाश फिरवायचं. धडधाकट बेअरिंग असेल तर स्प्रिंगमधून काही येत नाही. बिघडलेलं असेल तर बारीक खरखर वर चढते आणि तळव्याला लागते. जात्यात आलेला खडा दळणाऱ्या हाताला आधी कळतो, तसं. घाई केली की पॅडचं घासणं आणि अ‍ॅक्सलचं फिरणं त्यात मिसळतं. एक फेरी पुरी व्हायला पाच-सहा सेकंद लागावेत, इतक्या हळू फिरवायचं.

आणि टायर? त्याला दाते पडले असतील तर हात फिरवून समजतं. एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं बोटं अडकतात. टायरचा आवाज रस्त्यावर अवलंबून असतो. खडबडीत रस्त्यावरून नव्या डांबरावर आलं की सूर पालटतो. बेअरिंगला रस्त्याचं घेणंदेणं नसतं, ते फक्त वेग ओळखतं. वळणावर वजन बाहेरच्या चाकावर येतं, म्हणून गाडी उजवीकडं घेतल्यावर घोंगावणं वाढलं तर डावं बेअरिंग समजायचं, हे सगळ्याच मेस्त्रींना पाठ असतं. पण बेअरिंगच्या आत गोळ्यांच्या दोन रांगा असतात. बिघाड कुठल्या रांगेत आहे त्यावर कधी कधी उलटंच निघतं. आणि दोन्ही बाजूंची बेअरिंगं गेलेली असतील तर वळण काहीच सांगत नाही. अशा वेळी पुढचे टायर मागं टाकायचे आणि त्याच रस्त्यावर परत जायचं. आवाज मागं गेला तर टायर. अर्धा तास जातो, फुकटात शंका मिटते. तरी हे करणारे थोडे.

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा किती गाड्या चाकाच्या वर पाण्यात उभ्या होत्या ते सगळ्यांनी पाहिलंय. इंजिन ऑइल बदललं, सीटं वाळवली, गाडी सुरू झाली म्हणून लोक निर्धास्त झाले. बेअरिंगच्या सीलमधून शिरलेला गाळ कुणाच्या लक्षात नव्हता. पुढं महिने गेले आणि त्या गाड्या एकेक करून घोंगावत आल्या. दाबून काढलेली बेअरिंगं मी फोडून बघितली. ग्रीस पांढुरकं झालेलं, रेसवर गंजाचे ठिपके, गोळ्यांच्या अंतरा-अंतरानं. गाडी पाण्यात जशी उभी होती तसे.

माझ्या धंदेवाल्यांविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. काही जण अजून बेअरिंग हातोड्यानं ठोकून बसवतात. प्रेस शेजारच्या गाळ्यात असतो, पण तिथंवर जायचा आळस. ठोकलेलं बेअरिंग थोड्याच महिन्यांत बोलायला लागतं आणि मालक माल डुप्लिकेट होता असं समजून गप्प बसतो. दुसरे, स्कॅनर लावून “एरर नाही” म्हणणारे. स्कॅनर सेन्सरचं वाचतो. घोंगावण्याचा कोड त्याच्यात नसतो. मग चारही बदला म्हणतात. ज्याला एक ओळखता येत नाही तो चार विकतो, आणि याची मला मनापासून चीड येते.

गाडीवाल्यांनीही थोडं ऐकावं. क्लच दाबला की आवाज थांबतो का, ब्रेक लावल्यावर वाढतो का, न्यूट्रलला गाडी सोडली तरी राहतो का, एवढं सांगितलं तरी माझं निम्मं काम होतं. मागच्या सीटवरची माणसं बाजू बरोबर सांगतात, त्यांना विचारा. आणि काही आवाजांना मुदत नसते. खालून जड ठोका आणि ऑइलचा लाल दिवा असला तर गाडी तिथंच बंद करायची, गॅरेजपर्यंतही आणायची नाही. ब्रेक करकरायला लागला की लोखंडाला लोखंड लागलंय, तेव्हा अंबा घाट उतरायचा विचार नको. पुरा स्टिअरिंग मारल्यावरचं कट-कट आठवडाभर चालेल. घोंगावणंही लगेच दगा देत नाही, पण चाक उचलून वरखाली हलवल्यावर खेळ लागला तर मी किल्ली परत देत नाही. भांडणं झाली आहेत यावरून.

सध्या दारात एक वॅगन आर उभी आहे. पोरगं म्हणतंय डावं बेअरिंग, त्याला वळणावर साफ ऐकू आलंय. माझ्या तळव्याला खरखर उजवीकडं लागली. दोघांचंही खरं असू शकतं. उद्या सकाळी टायर मागं-पुढं करून कागलपर्यंत जाऊन यायचं. गाडी पोरगं चालवील, मी मागं बसेन, आणि तोवर मालकाला पार्टचा भाव सांगायचा नाही असं ठरलंय.