गणेशखिंडीतील ऑस्बर्न

मानेसरच्या काचेने मढवलेल्या कचेऱ्यांना त्यांचे मूळ कोठले, असे कोणी विचारत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीविषयी मात्र तो प्रश्न मला हटकून विचारला जातो. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ साली, गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान म्हणून तिचे काम सुरू झाले; वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. आइल ऑफ वाइट बेटावरील व्हिक्टोरिया राणीचे ऑस्बर्न हाउस तिच्यापुढे आदर्श होते, असे म्हणतात.

पण ते ‘मूळ’ तरी कितपत मूळ? प्रिन्स अल्बर्ट व टॉमस क्यूबिट यांनी १८४५ ते १८५१ या काळात उभारलेले ते घर आज प्रथम श्रेणीची संरक्षित वास्तू आहे. त्याचे चौकोनी मनोरे व कमानदार खिडक्या इटलीकडून उसन्या घेतलेल्या. विटांवर गिलावा देऊन दगडाचा नुसता भास साधलेला. पुण्यात दगड तरी खरा आहे!

पुढे १८९०-९१ मध्ये ऑस्बर्नला दरबार-दालन जोडले गेले. लॉकवुड किपलिंग यांच्या साहाय्याने लाहोरच्या भाई रामसिंगांनी ते भारतीय नक्षीने भरून टाकले. शेकोटीच्या माथ्यावर मोर बसवला. प्रभावाची वाट एकेरी मानणाऱ्या अभ्यासकांनी हा मोर अवश्य पाहावा. तथापि या देवघेवीला समानतेचे नाव देणे मला जड जाते. तो मोर राणीच्या मेजवान्यांची शोभा होता. आणि तिच्याच हीरकमहोत्सवाची गणेशखिंडीतील मेजवानी आटोपून परतणाऱ्या रँडवर २२ जून १८९७ रोजी चापेकरांनी गोळी झाडली. १९४९ साली ही वास्तू विद्यापीठाकडे आली; पहिले कुलगुरू मु. रा. जयकर.