पुढे चला

जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन होतं. २०२४च्या सोहळ्यात मी स्वयंसेविका होते. से कॅथेड्रलमध्ये, पेटीजवळ, दिवसभर एकच काम: "थांबू नका, पुढे चला!" संध्याकाळपर्यंत घसा बसला.

तेवढ्यात कुंकू लावलेली एक आजी पेटीपाशी थबकली. "बाय, सावंतवाडीसून इलंय. नातवासाठी वाईच मागान घेतंय." मागे रांग खोळंबलेली. मी तिचा दंड धरून तिला पुढे केलं. ती काही बोलली नाही; जाताना फक्त वळून पाहिलं.

रात्री रोझरी हातात घेतली, तर पहिला मणीच सरकेना. नातवाचं नाव तरी विचारायचं होतं! आता रोज एक मणी त्या अनोळखी मुलासाठी. तिथे मात्र घाई करत नाही.