थंडी आधी कोणत्या वावरात उतरते?

माघात एकदा शहाद्याहून म्हसावदमार्गे तोरणमाळला जाऊन या. खाली तापीखोऱ्यात पपई, केळीची काळी राने. सातपायरी घाट चढला की हजार मीटरांहून उंचावर यशवंत तलाव आणि कानाला झोंबणारा वारा. पलीकडे अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला तर कडाक्याच्या पहाटे गवतावरचे दवही गोठते.

हिमालयावरून पश्चिमी विक्षोभ सरकला, आभाळ निवळले, उत्तरेचे वारे सुटले, की ओसरलेली थंडी परत फिरते. हवामान खाते हे चार-पाच दिवस आधी ओळखते. संगणक प्रदेशाचे चौकोन पाडून गणित करतो. मे २०२५ मध्ये आलेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'चा चौकोन ६ किलोमीटरांचा आहे. आधी तो १२ चा होता. तरीही माथा आणि दरी एकाच चौकोनात येतात. आकडा मिळतो तो सरासरीचा.

थंड हवा जड. रात्री ती उतारावरून वाहून सखल रानात साचते. शिवाय तापमान मोजतात जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरावर. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगत ते काही अंश कमीच असते. म्हणून अंदाज ६ अंशांचा असला तरी सखल वावरातला फुलोऱ्यातला हरभरा निर्धास्त सोडू नका.

अशा वावरात तापमापक लावा. पहाटेचा आकडा आणि रेडिओवरचा अंदाज वहीत शेजारी-शेजारी लिहा. दोन हिवाळ्यांत तुमच्या रानाचा फरक कळेल. मग इशारा येताच पहिले हलके पाणी संध्याकाळी तिथेच द्या, पपईच्या फळांना गोणपाट बांधा आणि पहाटे बांधावर धूर करा.