वाघ्याचा खाऊ

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणारी सडक आमच्या अड्याळ गांवावरून जाते, आणि आमचें घर त्या सडकेपासून पुरतीं चाळीस पावलेंही दूर नाहीं. धान निघाल्यावर पोत्यांनीं लादलेले ट्रक तिजवरून रात्रंदिवस धांवतात. त्यामुळें घरांतील मूल चालूं लागलें कीं अक्षरओळखीच्या आधीं त्यास सडकेची ओळख करून देण्याची आमच्याकडे रीत आहे. कुत्र्यांना मात्र ही ओळख कोणी करून देत नाहीं. आमचा मोती त्यामुळेंच गेला.

त्या सायंकाळची हकीकत थोडक्यांत सांगतों. ती लांबविण्याची आमची इच्छा नाहीं. मोती सडकेच्या मध्यावर उभा होता. ट्रकचे दिवे दिसतांच आम्हीं फाटकांतून जिवाच्या आकांतानें हाक मारली. मोतीनें ती ऐकली, मान वळवून आमच्याकडे पाहिलेंही. परंतु तो आला नाहीं. पुष्कळ दिवस आम्ही ट्रकवाल्यास दोष देत होतों. पुढें विचार करतां ध्यानीं आलें कीं, दोन वर्षांत आम्हीं मोतीला ज्या ज्या वेळीं हाक मारली, त्या त्या वेळीं एक तर त्याला सांखळीस बांधलें, नाहीं तर थंड पाण्यानें न्हाऊं घातलें, नाहीं तर फाडलेली वहाण दाखवून दोन रपाटे दिले. आमची हाक म्हणजे सांखळी, एवढा अर्थ तो बिचारा नीट शिकला होता. शिष्य मंद नव्हता. पाठच चुकीचा दिला गेला होता.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या मामांनीं शेतावरचें दोन महिन्यांचें एक पिलूं आणून दिलें. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा पडलेला. आजीनें प्रथम साफ नाहीं म्हटलें. "एका मोतीसाठी रडलो तेवढं पुरे झालं, बापू," असें तिचें म्हणणें. फार विनवण्या केल्यावर तिनें एक अट घातली. शाळा उघडण्यास सात आठवडे होते. तेवढ्या अवधींत पिलूं सडकेच्या कडेवरूनसुद्धां एका हाकेसरशी माघारीं आलें पाहिजे. न आल्यास तें शेतावर परत जाईल. आम्ही पडलों वसतिगृहांत राहणारे. सुटी संपल्यावर हाक मारणार ती आजीच, आणि तिच्यानें कांहीं सडकेवर धांववणार नव्हतें. अट न्याय्य होती.

पिलाचें नांव आम्हीं वाघ्या ठेविलें. हें नांव ठेवतांना आम्हीं थोडा विचार करावयास हवा होता. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचें रान आमच्याच तालुक्यांत शिरलेलें आहे, आणि पहांटेच्या अंधारांत "वाघ्या! वाघ्या!" अशी आरोळी ऐकून मोहफुलें वेंचून परतणाऱ्या दोन बायांनीं टोपल्या टाकून दिल्याचें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. असो.

पिलास शिकवावयाचें तर खाऊ द्यावा, हें सर्वांस ठाऊक असतें. कोणता खाऊ, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. आम्हींही विचारला नाहीं. घरांत बिस्किटांचा पुडा होता, तो घेऊन आम्ही अंगणांत उतरलों. एक हाक, एक बिस्किट, असा सढळ व्यवहार सुरू झाला. पहिल्या तीन हाकांस वाघ्या बाणासारखा आला, चवथीस चालत आला, आणि पांचवीस बाजेखालीं निजून त्यानें केवळ शेपटी हालविली. त्याचें पोट भरलें होतें. पोट भरल्यावर गुरूची गरज उरत नाहीं, हा अनुभव वसतिगृहांतही पुष्कळदां येतो.

त्याच आठवड्यांत लस टोचून घेण्यासाठीं त्यास जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलें. बिस्किटांची कथा ऐकून ते हंसले. खाऊचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याहून मोठा नसावा, पिलानें तो गिळून लगेच पुन्हां आपल्या तोंडाकडे पाहावें एवढाच असावा. दिवसभराच्या खाऊचा वांटा एकंदर आहाराच्या दहाव्या हिश्शावर जाऊं देऊं नये, आणि शिकवणी जेवणाआधीं घ्यावी, असें त्यांनीं सांगितलें. आम्हीं मोठ्या अभिमानानें उत्तर दिलें कीं, आम्हीं लहान खाऊ आधींच शोधला आहे, बेदाणे! कोरडे, आटोपशीर, खिशांत राहणारे. हें ऐकून ते खुर्चीवरून उठलेच. द्राक्षें व बेदाणे खाल्ल्यानें कुत्र्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, आणि कोणत्या कुत्र्यास किती दाणे बाधतील याचा अंदाज आधीं बांधतां येत नाहीं. चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या यांसही त्यांनीं त्याच पंक्तींत बसविलें. वाचकहो, बेदाण्यांची पुडी त्या वेळीं आमच्या खिशांत होती, आणि घरीं परततांच तिचा श्रीगणेशा व्हावयाचा होता! मोती आमच्या हाकेनें गेला. वाघ्या आमच्या लाडानें जातां जातां राहिला.

तेव्हांपासून आम्हीं आपली अक्कल बाजूस ठेवून वाघ्यासच विचारावयाचें ठरविलें. रीत सोपी आहे. दोन मुठींत दोन पदार्थ घ्यावे, मुठी मिटून पिलापुढें धराव्या, आणि तें कोणत्या मुठीशीं नाक लावून बसतें तें पाहावें. दर खेपेस हात बदलावे, नाहीं तर पिलूं पदार्थाऐवजीं उजवा हातच निवडूं लागतें. एकेका जोडीची आम्हीं दहा दहा वेळां परीक्षा घेतली व निकाल वहींत टिपून ठेविले. मुरमुरे व पोळी यांत पोळी जिंकली. पोळीस फुटाण्यानें हरविलें नाहीं, परंतु सुक्या खोबऱ्यानें हरविलें. खोबऱ्यास पनीरानें चारी मुंड्या चीत केलें. बिस्किट, ज्यावर आमचा एवढा भरंवसा, तें मधल्या फळींत कोठें तरी घुटमळत राहिलें. माणसास गोडाची ओढ, म्हणून सर्वांसच ती असेल, असें आम्हीं धरून चाललों होतों. वस्तुतः माणसाच्या जिभेवर सुमारें 9,000 रुचिकलिका असतात, तर कुत्र्याच्या जिभेवर सुमारें 1,700 च. उलट त्याच्या नाकापुढें आमचें नाक म्हणजे केवळ चष्मा ठेवण्याची खुंटी. तो जिभेच्या आधीं नाकानेंच जेवतो.

येथें भाकरी-भाताची बाजू घेऊन एक शब्द बोलणें भाग आहे. कुत्रा मांसाहारी, त्यास भात काय कामाचा, असें म्हणणारे लोक आहेत. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं 2013 सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, पिष्ट पचविणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात. माणसाच्या उंबऱ्याशीं राहून, त्याचें उष्टें खाऊन कुत्र्याचें पोट आंतून बदललें. आमच्या धानाच्या मुलुखांतील कुत्रीं पेजेवर व भातावर जगतात, तीं कांहीं चमत्कारानें नव्हे. तेव्हां वाघ्याचें जेवण भाताचेंच राहिलें. प्रश्न फक्त बक्षिसाचा होता.

बक्षीस म्हणून पनीर निवडावें, तर वैशाखांतील आमचें ऊन आड आलें. सकाळीं खिशांत ठेविलेलें पनीर दहा वाजतां खिशाचाच भाग होऊन बसे. उकडलेल्या अंड्याची तीच गत. याहून मोठी अडचण निराळीच निघाली. अंगणांत पोळीच्या तुकड्यासाठीं उड्या मारीत येणारा वाघ्या फाटकाबाहेर पाऊल ठेवतांच जणू बहिरा होई. तेथें शेळ्यांच्या लेंड्या होत्या, सरडे होते, उकिरडा होता, आणि परगांवच्या कुत्र्यांनीं विजेच्या खांबावर ठेविलेले निरोप होते. एवढें वैभव सोडून कोणी पोळीच्या कपट्यासाठीं कां परतावें? एकाच आज्ञेची किंमत अंगणांत एक आणि सडकेवर दुसरी असते, हें आम्हांस तेव्हां उमजलें. मुंबई पोलिसांचा जंजीर, ज्यानें 1993 च्या बाँबस्फोटांनंतर हजारो किलो स्फोटकें हुडकलीं, त्याची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. अशा कामाच्या कुत्र्यांपैकीं पुष्कळांस खाण्याऐवजीं आवडता चेंडू बक्षीस देतात असें वाचून आम्हीं चेंडूही आणून पाहिला. वाघ्यानें तो हुंगला, आणि तो सरडा नाहीं अशी खात्री करून घेऊन सोडून दिला.

उत्तर सांपडलें तें शेजारच्या ढीवर मावशींच्या अंगणांत. तळ्यांतले झिंगे त्या उन्हांत वाळवीत बसल्या होत्या. वाघ्या दोरी ताणून तिकडे असा ओढूं लागला कीं आमच्या तळहातास वळ उठले. मावशींनीं मूठभर झिंगे ओच्यांत टाकले. दुसऱ्या दिवशीं मुठींची परीक्षा झाली. पनीराची मूठ एकदांही निवडली गेली नाहीं. वाळलेला झिंगा वजनास हलका, उन्हानें न बिघडणारा, बोटानें मोडून चार तुकडे होणारा, आणि वास तर वाऱ्यावर वीस पावलें जाणारा. बाजारचें सुकट मात्र खारवलेलें असेल तर आधीं भिजवून, मीठ काढून वाळवावें लागतें; लहान पिलास एवढें मीठ चांगलें नव्हे.

परंतु आमची आजी माळकरी. तिच्या घरांत झिंगा! दोन दिवस घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. डबा गोठ्यांतील वळचणीस टांगावा, आम्हीं हात धुतल्यावांचून उंबरा ओलांडूं नये, आणि त्या पदार्थाचें नांव घरांत काढूं नये, इतक्या अटींवर तोड निघाली. "काऊन बापू, कुत्र्याले पंगत वाढून रायला का?" असें शेजारी हंसून विचारीत. त्यांचेंही खोटें नव्हतें. ज्या गांवांत पुष्कळांच्या ताटांत झिंगा सणासुदीस येतो, तेथें कुत्र्यासाठीं तो विकत घेणें आम्हांस बोचत असे. म्हणून आम्हीं हिशेब बसविला. झिंगा फक्त एकाच आज्ञेसाठीं, 'ये' या हाकेसाठीं, आणि तोही फाटकाबाहेरच. बस म्हटल्यावर बसणें, बूट न चावणें इत्यादि सामान्य विद्यांस मुरमुरे व पोळी. महाग वस्तु दुर्मिळ राहिली म्हणूनच तिचा मान टिकला.

पुढील पांच आठवडे पहांटे, ऊन चढण्यापूर्वीं, लांब सुती दोरी बांधून शिकवणी चाले. हाक एकदांच मारावयाची. पिलूं वळलें कीं तत्क्षणीं शाबासकीचा शब्द, आणि पोंचतांच तुकडा तोंडांत. दोन क्षणांचाही उशीर झाला तर बक्षीस कशाचें तें त्याला कळत नाहीं. अमेरिकेंतील थॉर्नडाइक यांनीं 1898 सालीं मांजरांस पेट्यांत कोंडून हेंच पाहिलें होतें, कीं ज्या कृतीमागून सुख येतें ती कृति प्राणी पुन्हां करतो. आम्हीं त्यास मोतीपासून शिकलेला एक नियम जोडला. न्हाऊं घालावयाचें असो, बांधावयाचें असो कीं रागें भरावयाचें असो, वाघ्यास हाक मारावयाची नाहीं. आपण उठून त्याच्याकडे जावयाचें. 'ये' या शब्दाशेवटीं सांखळी कधींही निघतां कामा नये. शेवटच्या आठवड्यांत आम्हीं हाक मारण्याचें काम आजीकडे दिलें. ती हाक मारी, आणि तुकडा आम्ही देत असूं. डब्यास हात लावावयास ती तयार नव्हती. शाळा उघडली. वाघ्या अटींत उत्तीर्ण झाला होता, निदान दोरी बांधली असतांना. झिंग्याचें पुढें काय होणार, याची चिंता घेऊन आम्ही वसतिगृहांत परतलों.

दिवाळीस घरीं आलों तेव्हां तिन्हीसांजा झाल्या होत्या. मोटारींतून उतरून सडकेपलीकडे पाहतों तों फाटकाशीं वाघ्या. आतां चांगला हाडापेरानें भरलेला, दोन्ही कान उभे. त्यानें आम्हांस ओळखलें आणि आनंदानें ओरडत सरळ सडकेवर झेप घेतली. डाव्या हाताकडून धानाचा ट्रक येत होता. आमच्या तोंडून शब्द फुटेना; आणि फुटला असता तर तो त्यास आमच्याकडेच ओढता. इतक्यांत फाटकांतून आजीची हाक आली, एकदांच, मोठी नव्हे: "वाघ्या, ये!"

वाघ्या अर्ध्या उडींत वळला. ट्रक धूळ उडवीत मधून निघून गेला. धूळ खालीं बसल्यावर आम्हीं सडक ओलांडली, तों वाघ्या आजीच्या पायांशीं बसून वर पाहत होता. आमच्याकडे त्यानें ढुंकूनही पाहिलें नाहीं. आजीनें पदर नाकास लाविला, कनवटीचा लहानसा डबा काढला, आणि दोन बोटांनीं एक झिंगा उचलून त्याचे नीट दोन तुकडे केले.