आपला डेव्हिस

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत, हे आपण व्याकरणाच्या घटकात पाहिले आहे. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. हा भेद मी अनेक वर्षे वर्गात शिकवला. परंतु ‘आपण’ या शब्दात किती ओझे मावू शकते, ते मला जाणवले २०१८ साली, अमेरिकेतील एका बेसबॉलपटूच्या हंगामामुळे.

माझा धाकटा भाऊ वीस वर्षांहून अधिक काळ बाल्टिमोर येथे राहतो. तेथील ओरिओल्स संघाचा तो निस्सीम चाहता आहे आणि त्या संघातील त्याचा लाडका खेळाडू होता क्रिस डेव्हिस. डेव्हिस डावखुरा, धिप्पाड, चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावणारा. २०१३ साली त्याने ५३ होमरन फटकावले, २०१५ साली ४७. २०१६च्या प्रारंभी संघाने त्याच्याशी सात वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. त्यानंतर मात्र त्याचा फटका हळूहळू हरवत गेला.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलमधील अपयशाचे गणित चमत्कारिक वाटते. येथे दहापैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा फलंदाज उत्तम गणला जातो. म्हणजे उत्तम फलंदाजही बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. शिवाय एकाच सामन्यात चार-पाच वेळा आणि १६२ सामन्यांच्या हंगामात जवळजवळ रोज त्याला पुन्हा उभे राहावे लागते. अपयश पचवायला सवडच मिळत नाही. डेव्हिसचे फटके बहुधा उजव्या बाजूस जात, हे ओळखून प्रतिस्पर्धी क्षेत्ररक्षक तिकडेच दाटीने उभे राहू लागले. उरलेल्या वेळी चेंडू बॅटला लागेना. २०१८च्या हंगामात तो १९२ वेळा ‘स्ट्राइकआउट’ झाला. त्याची सरासरी होती .१६८, म्हणजे शंभर संधींमागे सतरासुद्धा फटके नाहीत. पुरेशी संधी मिळालेल्या फलंदाजांमध्ये आधुनिक मेजर लीगमधील हा नीचांक. संघही १६२पैकी ११५ सामने हरला.

त्याच उन्हाळ्यात भावाची नोकरी गेली. हे मला भावजयीकडून कळले. तो स्वतः त्याविषयी चकार शब्द काढीत नसे. बाल्टिमोरची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. तेथील सामना संपे तेव्हा माझा सकाळचा चहा होत असे, आणि त्याचा फोन येई. “ताई, आजही आपल्याला काही जमलं नाही.”

रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकला की अमेरिकन विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ अशा भाषेत बोलतात. हरला की ‘ते हरले’ अशा भाषेकडे झुकतात, असे त्यात दिसून आले. विजयात वाटा हवा असतो, पराभवापासून अंतर हवे असते. माझा भाऊ नेमका उलट वागत होता. पराभव जितका वाढत गेला, तितका त्याच्या तोंडी ‘आपला डेव्हिस’ अधिक येऊ लागला.

आता ‘आपल्याला’ म्हणजे नेमके कोणाला? डेव्हिसला, संघाला, की स्वतःला? वाक्यातील संदिग्धता सोडवणे हा भाषाशास्त्रज्ञाचा व्यवसायच आहे. ही संदिग्धता मी तशीच राहू दिली. तिच्या आडोशाने तो माझ्याशी बोलू शकत होता. मीही विचारी, “मग उद्या आपला सामना कोणाशी?”

पुढील हंगाम याहून खडतर निघाला. घरच्या मैदानावर प्रेक्षकांनी डेव्हिसची हुर्यो उडवली. १४ सप्टेंबर २०१८नंतर त्याच्या सलग ५४ संधी यशस्वी फटक्याविना गेल्या. फलंदाजांमधील आधीचा विक्रम ४६चा होता. अखेर १३ एप्रिल २०१९ रोजी, बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर, त्याचा एक साधा एकेरी फटका उजव्या बाजूस मोकळ्या जागेत पडला आणि दोन धावा आल्या. डेव्हिसने हसत हसत तो चेंडू मागून घेतला. त्या दिवशी भावाचा फोन आला तेव्हा बराच वेळ तो काही बोललाच नाही.

यानंतर डेव्हिसला जुना सूर गवसला असे मात्र नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. भावाला काम मिळाले, पण पूर्वीपेक्षा लहान. तरीही आमच्या बोलण्यात डेव्हिस आजही ‘आपला’च आहे.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी आणि संसार सांभाळून, खंड पडलेले शिक्षण पुन्हा हाती घेतात. कोणाचा एखादा विषय दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा राहतो. अशा निकालाच्या दिवशी घरातील माणसांची सर्वनामे लक्ष देऊन ऐका. कोणी म्हणेल, “तुझा विषय राहिला.” कोणी म्हणेल, “आपला एकच विषय राहिलाय.” माहिती दोन्ही वाक्यांत तीच आहे. दुसरे वाक्य बोलणारा मात्र पुढच्या परीक्षेला तुमच्याबरोबर बसणार आहे.