अब्बांचा रंधा

इस्लापूरच्या आमच्या घरात सागाच्या भुशाचा वास कायम असे. अब्बा सुतार, पण माझ्या शाळेच्या फॉर्मवर त्यांनी धंदा ‘मजुरी’ लिहवला. लाज वाटत असावी. मलाही वाटे.

मुंबईचे वास्तुकार बिजॉय जैन यांच्या स्टुडिओचं काम २०१२ साली टोकियोच्या ‘गॅलरी मा’त मांडलं गेलं. अलिबागजवळच्या कार्यशाळेत सुतारांसोबत घडवलेले नमुने त्यात होते. २०१८ मध्ये ओनोमिची या बंदरगावी त्यांनी एका जुन्या इमारतीचं हॉटेलही केलं. होर्युजीसारखं तेराशे वर्षांचं लाकडी मंदिर जपणाऱ्या देशात आपल्या सुतारांचं हुनर पाहिलं गेलं! हे वाचलं तेव्हा अब्बा हयात नव्हते.

यंदा प्रवेशाच्या वेळी एका बापाने धंदा ‘मजुरी’ सांगितला. बोटं सुताराची होती.

“सुतार लिहू?”

“लिखो, सर.”