अमरावती ते अकोला : कचेऱ्यांच्या वाटेने

अमरावतीला जायचे काम पडले म्हणजे आपण आधी अंबादेवीचे आणि एकवीरादेवीचे दर्शन घेतो आणि मग ऊन चढायच्या आत कचेरी गाठतो. देवीचे दर्शन तासाभरात होते. साहेबांचे कधी होईल ते सांगता येत नाही. “काकाजी, साहेब मीटिंगले गेले, सोमवारी या,” हे वाक्य ऐकले नाही असा शेतकरी वऱ्हाडात सापडायचा नाही. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण काही उगीच पडलेली नाही. म्हणून आज अमरावती ते अकोला हा शंभरेक किलोमीटरचा रस्ता आपण कचेऱ्या पाहण्यासाठी तुडवू या. कचेरी आपल्या मुलखात कशी रुजली आणि तिच्याशी वागावे कसे, हे या वाटेवर चांगले समजते.

अमरावतीला विभागीय आयुक्तांची कचेरी आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचे कागद शेवटी इथे येतात. पूर्वी वऱ्हाड निजामाचे होते. परगण्याचा कारभार देशमुख-देशपांड्यांकडे आणि गावाचा पाटील-पटवाऱ्यांकडे असे. १८५३ साली फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. पुढे जमिनीची मोजणी झाली, शेतांना सर्व्हे नंबर पडले. शेजारच्या नागपूर भागात सरकार आणि रयत यांच्यामध्ये मालगुजार होता. वऱ्हाडात रयतवारी आली. म्हणजे शेताचा सारा कुळाने स्वतःच्या नावाने भरायचा. तुमच्या सातबाऱ्याचे मूळ या पद्धतीत आहे. तेव्हा कागद हा आपला वैरी नव्हे. कागदावर नाव होते म्हणून कित्येकांची जमीन टिकली. अडचण होते ती कागद एकाच्या हाती आणि गरज दुसऱ्याची, असे झाले म्हणजे.

अमरावतीहून निघालो की बडनेरा लागते. मुंबई-नागपूर रेल्वे इथून जाते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि सर्वांचे डोळे वऱ्हाडकडे लागले. सरकारने खास कापसासाठी कमिशनर नेमला. रेल्वे आली, बाजार बसले, आणि त्यांच्यामागून वजने, पावत्या, रजिस्टरे आणि ती लिहिणारे कारकूनही आले.

पुढे मूर्तिजापूर. इथून यवतमाळ आणि अचलपूरकडे ‘शकुंतला’ ही छोटी गाडी जात असे. आता ती बंद आहे. या लोहमार्गाची मालकी खाजगी कंपनीची. इंग्रज गेले, देश स्वतंत्र झाला, तरी आपली सरकारी रेल्वे जुन्या करारावर त्या मार्गावर गाडी चालवीत राहिली. एकदा लिहिलेला कागद किती वर्षे जगतो, याचा नमुना पाहायचा असेल तर इथे पाहावा.

आता अकोला. हे कापसाचे गाव. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. हेतू चांगला होता. व्यापाऱ्याने नाडू नये, हमीचा भाव मिळावा. पण कापूस दुसऱ्या कोणाला विकायची मुभा राहिली नाही. संकलन केंद्रावर बंड्यांची रांग लागे. ग्रेडर मूठभर कापूस पाहून प्रत ठरवी आणि त्याच्या एका शब्दावर घरच्या लग्नाचा खर्च ठरे. चुकारे हप्त्यांनी मिळत, पुष्कळदा उशिरा. १९८० नंतरच्या दशकात शेतकरी संघटनेने याविरुद्ध आवाज उठवला. पुढे २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीला वाट मिळाली आणि एकाधिकार संपला. रक्षणासाठी उभी केलेली कचेरी माणसाला दुसरी वाटच ठेवीत नाही, तेव्हा ती मालक होऊन बसते.

पण कचेरी नेहमी अडवतेच असेही नाही. याच अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे. भाऊसाहेब अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. १९३० ते १९३३ या काळात ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. १९३३ च्या कर्ज लवाद कायद्यामागे त्यांची खटपट होती. त्या कायद्याने लवाद मंडळे नेमली गेली. सावकार आणि कुळ यांना समोरासमोर बसवून कर्जाची तडजोड करणे हे त्यांचे काम. टेबल तेच, शाई तीच. पण नियम रयतेच्या बाजूने लिहिला होता.

आजचे काय? कापूस महामंडळाच्या केंद्रावर हमीभावाने कापूस द्यायचा तर सातबाऱ्यावर कापसाचा पेरा हवा. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते, आणि १२ टक्क्यांवर कापूस परत येतो. २०२५-२६ च्या हंगामात तर ‘कपास किसान’ या मोबाईल ॲपवर आधी नोंदणी करावी लागली. पेऱ्याची नोंदही २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः करायची आहे. पटवाऱ्याची लेखणी आता काही अंशी तुमच्या हाती आली आहे. ती चालवली नाही, तर शेतात पांढरे सोने उभे असूनही कागदावर काहीच दिसणार नाही. घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या, पण नोंद झाल्याचे स्वतः पाहून घ्या.

आणखी एक गोष्ट पदराशी बांधून ठेवा. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने जाहीर केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत घालून दिली आहे. अर्ज दिला की पोच मागा. तिच्यावर अर्जाचा क्रमांक आणि काम होण्याची तारीख पाहा. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांच्या आत वरिष्ठांकडे अपील करता येते. कारणाशिवाय काम अडवणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेवटचे अपील ऐकणारे सेवा हक्क आयुक्त आपल्या अमरावती विभागासाठीही आहेत. त्यासाठी मुंबई गाठायला नको.

कारकून ओळखीचा असला तर काम लवकर होते, असे आपण म्हणतो. पण ज्या विधवा बाईची कचेरीत कोणाशी ओळख नाही, तिने वारसाची नोंद कशी करावी? नियम आणि पोच ही तिच्यासाठी आहेत. म्हणून पुढच्या खेपेला अमरावतीला किंवा अकोल्याला निघाल तेव्हा भाकरीच्या फडक्याबरोबर अर्जाची दुसरी प्रतही घ्या. शिक्का त्या प्रतीवर मारून घ्या, आणि गावात कोणी एकटी बाई अशाच कामासाठी निघाली असेल तर तिलाही हे सांगा.